सत्तेचाळिसावी चूक

१९९८ साल. दसरा होऊन आठ दिवस झाले होते, आणि जव्हारच्या सन्मित्र वाचनालयात पुष्पलताबाई चौधरी टेबलावर एक पत्र उघडं टाकून दोन्ही हातांनी डोकं धरून बसल्या होत्या. तेव्हा पालघर जिल्हा व्हायचा होता. मोठं काम निघालं की ठाण्याला जायचं आणि त्याहून मोठं निघालं की मुंबईला पत्र लिहायचं, अशी रीत होती. बाईंनी मुंबईला पत्र लिहिलं होतं, आणि आता त्याचं उत्तर आलं होतं.

झालं होतं असं, की वाचनालयाची इमारत एका सरकारी कचेरीच्या डोळ्यात भरली होती. इमारत जुनी, दगडी, उन्हाळ्यात गार. कचेरीचे साहेब एक दिवस पाहणीला आले, भिंतींवर टिचक्या मारून खूश झाले आणि म्हणाले, "तुमची पुस्तकं काय हो बाई, कुठंही राहतील. बाजारामागं गाळा रिकामा आहे, तिकडं हलवू." त्या गाळ्यात आदल्या वर्षापर्यंत सुकी मासळी विकत. "इथं असं काय आहे, जे हलवता येणार नाही?"

तेवीस वर्षं बाई या टेबलामागे बसत होत्या. 'मी आहे' एवढंच उत्तर मनात आलं, पण ते कागदोपत्री बसणारं नव्हतं. म्हणून त्या बोलून गेल्या, "आमच्याकडे दीडशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी आहे. दर महिन्याला एक भाग, अशी हप्त्याहप्त्यानं निघालेली. पहिली आवृत्ती."

साहेब थबकले. "दुर्मिळ ग्रंथ?"

"अतिदुर्मिळ," बाई म्हणाल्या. एकदा घोड्यावर बसलं की मग टाच मारायला काय जातं?

"तसं असेल तर नियम वेगळा पडतो. पण तज्ज्ञाचा दाखला लागेल. दिवाळीच्या आत दाखला आणा, नाहीतर दिवाळीनंतर गाळ्याची किल्ली घ्या."

मुंबईचे हेमंत वैशंपायन नावाचे गृहस्थ असल्या कादंबऱ्यांचे जाणकार म्हणून प्रसिद्ध होते. त्यांचंच हे पत्र. अक्षर मुंगीच्या पायांसारखं आणि मजकूर मुंगीच्या चाव्यासारखा. 'पहिली आवृत्ती ओळखण्याच्या खुणा चार. एक, प्रत्येक भागाला निळ्या कागदाचं वेष्टण असे, त्यावर महिना आणि भागाचा क्रमांक छापलेला. दोन, प्रत्येक भागाच्या मागेपुढे जाहिरातींची पानं. तीन, सुटा भाग दोऱ्यानं टाचलेला असल्यानं शिवणीच्या कडेला सुईची भोकं. चार, छपाईच्या तीन ठरावीक चुका. त्या प्रकाशकानं पुढच्या आवृत्तीत सुधारल्या, म्हणून चुका असतील ती पहिली आवृत्ती, नसतील ती नंतरची. त्या कोणत्या पानांवर आहेत हे मी लिहीत नाही. लिहिलं की त्या पुस्तकात उगवतात, असा अनुभव आहे. बुधवारी येतो.'

बाईंनी पत्र तीनदा वाचलं. त्यांच्या पुस्तकात वेष्टणं होती, जाहिराती होत्या, भोकं होती आणि चुका तर ढिगानं होत्या. आणि या चारही गोष्टी १९७७ साली, खुद्द त्यांच्या देखरेखीखाली, पुस्तकातून काढून टाकण्यात आल्या होत्या. त्याबद्दल वाचनालयाच्या वार्षिक सभेत त्यांना शाल आणि नारळ मिळाला होता.

संस्थानाच्या काळात एक गोऱ्या डॉक्टरीणबाई जव्हारला होत्या. जाताना त्यांनी 'द हेअर ऑफ ग्रिमवेल' नावाची ती कादंबरी सुट्या भागांत, पत्र्याच्या ट्रंकेसकट वाचनालयाला देऊन टाकली. बाई नोकरीला लागल्या तेव्हा नियम असा होता, की सुटे अंक वर्षअखेरीला रद्दीत काढायचे. नोंदवहीत जागा मिळायची ती बांधलेल्या पुस्तकाला. बाईंचे यजमान आदल्याच वर्षी तापानं गेले होते आणि कमिटीनं दयेपोटी ही जागा दिली, असं गावात बोललं जायचं. चोवीस वर्षांच्या त्या विधवेनं तेव्हाच ठरवलं, की काम असं करायचं की दयेचं नाव कुणी काढू नये. तिनं ती कादंबरी रद्दीपासून वाचवली. इतकी नीट वाचवली, की आता ती ओळखू येत नव्हती.

बुधवारला सहा दिवस होते. बाईंनी पदर खोचला आणि आधी बाजारात गोकुळ बाइंडरकडे गेल्या.

"गोकुळभाऊ, सत्त्याहत्तर साली आपलं इंग्रजी पुस्तक बांधलंत, आठवतं? त्याला भोकं होती बघा."

"होती ना. एक जरी राहिलं असंल तर मिशी उतरवीन, बाई. एकेक भोक खळ भरून बुजवलं. वर पातळ कागद चिकटवला. कडा कापून सुतासारख्या सरळ केल्या. भोकांचं पुस्तक वाचनालयाला शोभतंय का?"

"ती भोकं हवी होती हो."

गोकुळनं हातातला ब्रश खळीत ठेवला आणि बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "एवढंच ना? आणा पुस्तक. आरी हाय माझ्याकडं. कितीक पायजेत?"

"जुनी भोकं हवीत."

"जुनी कुठनं आणू? भोक पाडलं की ताजंच असतं."

दुसरी खूण जाहिरातींची. जाहिरातींची पानं तेव्हा शिपाई सखा पोशेऱ्याला घरी घेऊन गेला होता. रविवारी बाई त्याच्याबरोबर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पोशेऱ्याला गेल्या. सखाची बायको तानी नागलीची कणसं खुडून नुकतीच परतली होती. सखानं घराच्या कुडाच्या भिंतीकडे हात केला. कारवीच्या काठ्यांमधल्या फटी त्यानं त्या पानांनी बुजवल्या होत्या, आणि त्यावर एकवीस वर्षांत दर दिवाळीला शेणामातीचा एकेक हात बसला होता. इंग्लंडचे साबण, चहा, छत्र्या आणि केस वाढवायची तेलं सगळी त्या सारवणाखाली गडप झाली होती. फक्त चुलीमागच्या कोपऱ्यात एक पान उघडं राहिलं होतं. त्यावर मिशाळ गोरा गृहस्थ एका हातात बाटली घेऊन, दुसरा हात पोटावर ठेवून उभा होता, आणि त्याच्या कपाळाला लाल टिकली होती.

"हा कोण, तानी?"

"पोटदुखीचा सायब."

"आणि टिकली?"

"देव नाय तो, ठावं हाय मला. पर एकवीस वरसं भिंत धरून उभा हाय. ह्यानं कंदी धरली भिंत?" असं म्हणून तानीनं सखाकडे पाहिलं. सखा बाहेर बकरी बांधायला गेला.

बाईंनी पान सोडवायला नख लावलं तशी भिंतीची ढलपी निघाली. तानी ओरडली, "बाय, भिंत पडंल ना! दाखल्यापुरता पायजे ना तुमाला? मंग मी बुधवारी घेऊन येते, भिंतीसकट. दाखला झाला की परत लावीन."

वेष्टणांचं प्रकरण जास्त अवघड होतं, कारण तो अपराध बाईंचा स्वतःचा होता. सत्त्याहत्तर साली कागदाची टंचाई होती. पुस्तकात मागच्या बाजूला तारखेचा शिक्का मारायला पट्टी चिकटवावी लागते, तिलाही कागद मिळेना. वेष्टणांची आतली बाजू कोरी होती. बाईंनी वीसच्या वीस वेष्टणं कापून त्यांच्या पट्ट्या केल्या होत्या आणि निळी, छापील बाजू आत घालून खळीनं चिकटवल्या होत्या. म्हणजे विलायतेच्या त्या कादंबरीचा अंगरखा आता जव्हार आणि मोखाड्याच्या घराघरांत, मराठी पुस्तकांच्या पोटात पसरला होता.

दोन दिवस बाई आणि सखा कपाटं उपसत होते. स्टोव्हवर पाणी उकळायचं, वाफेवर पुस्तकाचं शेवटचं पान धरायचं आणि पट्टी सोडवायची. वाचायला आलेली माणसं दारातूनच विचारायची, "बाई, आज चहा आहे का?" शेवटी साठेक पट्ट्या मिळाल्या. पुठ्ठ्यावर जुळवता जुळवता एक वेष्टण जवळजवळ पूर्ण झालं. नेमका भागाचा क्रमांक आणि महिना असलेला तुकडा तेवढा नव्हता. बाकीचे क्रमांक लागत गेले तसं कळलं, की हा सातवा भाग. नोंदवही चाळली. एका वेष्टणाच्या पट्ट्या लागोपाठच्या पुस्तकांना लावलेल्या, म्हणजे तो तुकडा बाळंतपणाच्या काळजीवरच्या एका पुस्तकात होता, आणि ते पुस्तक चार वर्षांपूर्वी खोडाळ्याच्या योगितानं नेलं होतं.

सखा खोडाळ्याला जाऊन चिठ्ठी घेऊन आला. 'बाई, माझा मुलगा आता बालवाडीत जातो, पण पुस्तक जावेला दिलं आहे. तिला सातवा लागला आहे. मोकळी झाली की पाठवते.'

"सातवा भाग पण तिकडंच आन् सातवा म्हयना पण तिकडंच," सखा म्हणाला. "आता घाई करून कसं चालंल?"

राहिली चौथी खूण, म्हणजे भोये सर.

देवजी भोये हे मोखाड्याकडच्या एका पाड्यावरून आलेले. जव्हारच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि बत्तीस वर्षं चुका काढल्या. शाळेतल्या काढल्या, तशा गावातल्याही. लग्नपत्रिका हातात आली की सर आधी तांबडं पेन काढत. एस.टी. स्टँडवरचं वेळापत्रक त्यांनी स्टुलावर चढून सुधारलं होतं. निवृत्तीच्या समारंभात मानपत्र वाचून दाखवल्यावर त्यांनी ते व्यासपीठावरच मागून घेतलं, चार ठिकाणी दुरुस्ती केली आणि मगच स्वीकारलं. लग्न केलं नव्हतं. 'व्याकरणात बसणारी मिळाली नसेल,' असं लोक म्हणत.

वाचनालयात मात्र ते रोज पाच वाजता येत आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसत. बाईंचं टेबल त्या खिडकीला लागून होतं. सर पुस्तक उघडत, थोडं वाचत, मग खिडकीकडे बघत बसत. सरांना निसर्गाची ओढ आहे, असं सगळे समजत. खिडकीबाहेर धान्याच्या गोदामाची भिंत होती. सखा एकदा म्हणाला होता, "भिंतीत कसला आलाय निसर्ग?" पण शिपायाच्या बोलण्याकडे कोण लक्ष देतं?

त्या संध्याकाळी बाईंनी सरांपुढे चहाचा कप ठेवला आणि विषय काढला. "सर, ग्रिमवेलमध्ये छपाईच्या चुका होत्या ना?"

सरांचा चेहरा उजळला. "सत्तेचाळीस. पातं घेऊन चुकीचं अक्षर हलकेच खरवडायचं, आणि वर छापल्यासारखं अक्षर काढायचं. शाई मी काजळी घालून स्वतः तयार केली होती. प्रकाशकानं पाहिलं असतं तर लाजला असता."

"त्यातल्या तीन हव्या आहेत." बाईंनी पत्र पुढे केलं.

सरांनी ते वाचलं. वैशंपायनांनी 'वेष्टण'चा 'ष्ट' चुकवला होता, तो आधी दुरुस्त केला. मग चष्मा काढला. "म्हणजे चुका आहेत म्हणून पुस्तक मोठं?"

"हो."

"अजब आहे. आमच्या पाड्यावरच्या माणसानं इंग्रजी चुकीचं लिहिलं तर म्हणतात, पाड्यावरचा आहे, असंच लिहिणार. आणि इंग्रजानं चुकीचं लिहिलं तर म्हणतात, पहिली आवृत्ती!"

"सर, भांडण नंतर करू. एखादी चूक तरी राहिली असेल हो तुमच्या हातून. एखादी."

"माझ्या हातून?"

"माणूस आहे, राहते."

"पुष्पलताबाई, बत्तीस वर्षांत..."

"वाचनालय मासळीच्या गाळ्यात जाईल, सर. हे टेबल, हा बाक, ही खिडकी, काही राहणार नाही. गाळ्याला खिडकीच नाही." बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. "निदान एकदा तरी चुकला असाल म्हणा."

चहावर साय धरली. खिडकी नाही, हे ऐकून सर जरा हादरलेले दिसले.

बाईंना एकदम आठवलं. "सर, तुमची चुकांची वही! दुरुस्त करण्याआधी तुम्ही मूळ चूक वहीत उतरवून ठेवायचात ना? पान, ओळ, सगळं? ती वही दाखवली तरी पुरे!"

"ती वही," सर म्हणाले, आणि त्यांनी खिडकीऐवजी जमिनीकडे पाहिलं, "वाळवीनं खाल्ली."

"वाळवीनं? तुम्ही तर प्रत्येक वहीत कडुनिंबाचा पाला घालता."

"वाळवीला ते माहीत नव्हतं." सर उठले, छत्री घेतली आणि दारात वळून म्हणाले, "बुधवारी येतो मी. पुस्तकात जे असेल ते दिसेलच."

बाईंना राग आला. इतका अहंकार! वही असती तर काय बिघडलं असतं? सरांनी न प्यायलेला चहा त्यांनी सखाला दिला.

बुधवारी ठाण्याच्या एस.टी.तून वैशंपायन उतरले. अंगानं काडी, खांद्याला शबनम आणि गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. तानी अजून पोहोचली नव्हती, म्हणून बाईंनी वेळ काढायचा प्रयत्न केला. "आधी शिरपामाळ बघून येता का? शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला होता तिथं. सगळे पाहुणे आधी तिथंच जातात."

"महाराजांना माझा नमस्कार सांगा. आधी पुस्तक."

टेबलावर पुस्तक आलं. गोकुळ, मिशीसकट, कामगिरीचं कौतुक ऐकायला येऊन बसला होता. भोये सर इस्त्रीचा सदरा घालून आले, पण नेहमीच्या बाकावर न बसता दाराशी उभे राहिले. वैशंपायनांनी पुस्तक उलटंपालटं केलं, शिवणीत भिंग घातलं आणि विचारलं, "भोकं कुठायत?"

"बुजवली," गोकुळ अभिमानानं म्हणाला. "सांगाल तर आत्ता पाडून देतो."

"वेष्टणं?"

बाईंनी पुठ्ठा पुढे केला. निळ्या तुकड्यांची ती गोधडी वैशंपायनांनी बराच वेळ पाहिली. एका तुकड्याच्या मागून '१२ मार्च १९८१'चा शिक्का उमटला होता. "सातव्या भागाचा आकडा कुठाय?"

"बाळंतपणाला गेलाय," सखा म्हणाला.

वैशंपायनांनी घाम पुसला. "जाहिराती?"

तेवढ्यात तानी डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत हातभर लांबीचा कुडाचा तुकडा, त्यावर सारवण आणि सारवणातून डोकावणारा पोटदुखीचा साहेब. तिनं तो टेबलावर ठेवला, ग्रिमवेलच्या शेजारी. "हात जपून लावा," ती म्हणाली, "घरातला हाय."

वैशंपायनांनी भिंग साहेबांच्या कपाळाशी नेलं आणि टिकलीवर थांबले. त्यांनी आयुष्यात शेकडो प्रती तपासल्या होत्या, पण शेणाचा वास येणारी ही पहिलीच. "कागद त्याच काळचा आहे," ते हळूच म्हणाले, "पण तो या पुस्तकाचा, हे कशावरून? भिंतीवरून?" त्यांनी मान हलवली. "आता फक्त चुका."

वैशंपायनांनी खिशातून घडी केलेली चिठ्ठी काढली, तळहाताच्या आड धरून वाचली आणि अठ्ठावन्नावं पान उघडलं. भिंग. "नाही. शब्द बरोबर छापलाय." मग एकशे एकतिसावं पान. "इथंही बरोबर." मग भिंग आणखी खाली नेलं. "थांबा. ही छपाई नाही. ही शाई आहे. कुणीतरी खरवडून वर लिहिलंय! कोणी केलं हे?"

"मी," भोये सर दारातून म्हणाले.

"खाली काय होतं?"

"चूक."

"कोणती?"

"इतक्या वर्षांनी तोंडपाठ नाही. चुका पाठ करायच्या नसतात."

"वा! वा!" वैशंपायन कडाडले. "म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत कुणी शाई फिरवली असेल, तरी मला कळायचं नाही. खरवडलेल्या जागेवरून मी दाखला देऊ? बाई, मला माफ करा. तीनपैकी एक तरी शाबूत पाहिजे." त्यांनी तिसरं पान उघडलं, ते केवळ आलोच आहोत म्हणून. दोनशे सतरा. नववी ओळ. भिंग तिथं आलं आणि थांबलं. मग त्या काडीएवढ्या माणसाच्या पोटातून हसू फुटलं.

"आहे! आहे! शाबूत आहे!"

"काय?" सगळे टेबलाभोवती गोळा झाले.

"कॅप्टन रोज संध्याकाळी येऊन विंडोकडे एकटक पाहत बसे, असं वाक्य आहे. विंडो म्हणजे खिडकी. पण खिळे जुळवणाऱ्यानं एक अक्षर गाळलं. आपल्याकडे अनुस्वार गळावा ना, तसं. विंडोचं झालंय विडो! कॅप्टन रोज संध्याकाळी येऊन विधवेकडे एकटक पाहत बसे! लंडनमध्ये तेव्हा हसून हसून पुरेवाट झाली होती. पुढच्याच छपाईत सुधारलं." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "पहिली आवृत्ती. शंकाच नाही."

गोकुळनं टाळी वाजवली. सखानं तानीकडे विजयानं पाहिलं, जणू भिंत त्यानंच धरली होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं टिपलं, आणि मग एकेक करून सगळ्यांनी माना दाराकडे वळवल्या.

भोये सरांचे कान लाल झाले होते. "राहिली," ते म्हणाले. "नजरेतून सुटली."

"सर, तुमच्या?" गोकुळ म्हणाला.

"माणूस आहे, राहते." बाईंचंच वाक्य त्यांनी परत केलं आणि छत्री उचलून निघून गेले. पाच वाजायचे होते तरी.

वैशंपायनांनी तिथंच बसून दाखला लिहिला. आवृत्ती पहिली. प्रतीची स्थिती या रकान्याशी ते बराच वेळ अडले आणि शेवटी लिहिलं, 'इतक्या प्रेमानं इतकं बिघडवलेलं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.' मग नागलीचे पापड खाल्ले आणि शिरपामाळ बघायला गेले. कचेरीच्या साहेबांनी दाखला घेतला, स्थितीचा रकाना वाचला नाही, आणि वाचनालय जागच्या जागी राहिलं.

गावाला मात्र चघळायला विषय मिळाला. भोये सर चुकले! ज्यांच्या लग्नपत्रिका आणि मानपत्रं त्यांनी लाल केली होती, त्या सगळ्यांनी उट्टं काढलं. एस.टी. स्टँडवरचा कंट्रोलरसुद्धा म्हणाला, "काय सर, ऐकलं ते खरं?" पुढच्या सोमवारपासून सर पुन्हा पाच वाजता येऊन बाकावर बसू लागले.

कचेरीचे ते साहेब वर्षभरात बदलून गेले. मासळीच्या गाळ्यात मोबाइलचं दुकान निघालं. वैशंपायनांनी या प्रतीवर एक लांबलचक लेख लिहिला. त्यात तानीचं नाव आहे, पण सखाचं नाही, म्हणून सखा तो लेख कुणाला दाखवत नाही. पोटदुखीचा साहेब त्याच बुधवारी परत पोशेऱ्याला गेला आणि घर पक्कं झालं तेव्हा तानीनं त्याला नव्या भिंतीत बसवून घेतलं. गोकुळनं बाइंडिंग सोडून लॅमिनेशन सुरू केलं. भोकाचा प्रश्नच नाही, असं तो सांगतो. योगिताच्या जावेला मुलगी झाली. ते पुस्तक मग धाकट्या जावेकडे, तिथून माहेरी मोखाड्याला, असं हिंडत २००३ साली परत आलं. आतली पट्टी कुणीतरी फाडून तिच्यावर बाळाच्या जन्माची वेळ लिहून घेतली होती. सातव्या भागाचा आकडा आजही नाही.

भोये सर २००६ च्या मार्गशीर्षात गेले. महिन्याभरानं त्यांची पुतणी जयवंती त्यांची पुस्तकं दोन पोत्यांत घालून वाचनालयाला द्यायला आली. त्यात खाली, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात, एक वही होती. वाळवीनं तिला तोंड लावलेलं नव्हतं.

बाईंनी ती टेबलावर उघडली. पानावर 'ग्रिमवेल, १९७७'. एकेका ओळीत पान, ओळ, छापील शब्द, योग्य शब्द, आणि शेवटी तांबड्या शाईत 'दुरुस्त'. एक, दोन, तीन, अशा शेहेचाळीस नोंदी. सत्तेचाळिसावी अशी होती: 'पृ. २१७, ओळ ९. छापील: विडो. हवे: विंडो.' आणि शेवटच्या रकान्यात, तांबड्या नव्हे, साध्या निळ्या शाईत: 'नको. असू दे.'

बाईंनी मान वर केली. समोर बाक होता, रिकामा. मग त्यांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. गोदामाची भिंत होती तशीच होती.

"काय हो बाई, कामाची हाय का वही?" सखानं विचारलं. "का रद्दीत घालू?"

बाईंनी नोंदवही ओढली आणि नियमानं नोंद केली. लेखक: देवजी भोये. आवृत्ती: पहिली. विषयाच्या रकान्याशी थोडा वेळ पेन थांबलं, मग त्यांनी लिहिलं, 'शुद्धलेखन'. आणि शेऱ्याच्या रकान्यात, तांबड्या शाईनं: 'कोणासही घरी नेण्यास देऊ नये.'